खिडकीचे दीडशे रुपये

वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला मी दर वर्षी एक प्लॅन देतो. त्यावर ना इमारतीचं नाव, ना गावाचं, ना बांधणाऱ्याचं. एका मजल्याचा नकाशा, उत्तरेचा बाण आणि स्केल, बस्स. मुलं दहा मिनिटं डोकं लावतात. कुणी म्हणतं कोल्ड स्टोरेज, कुणी म्हणतं सर्व्हर ठेवायची इमारत, एकानं एकदा छातीठोकपणे 'जेल' सांगितलं होतं. मग मी सांगतो की हे विद्यार्थ्यांचं हॉस्टेल आहे, एका मजल्यावर ५०४ जण राहणार आहेत आणि त्यातल्या जवळपास सगळ्यांच्या खोलीला खिडकी नाही. यानंतर होणारा गलका मला आता पाठ झालाय.

दोन वर्षांपूर्वी त्या गलक्यात मागच्या बाकावरून एक प्रश्न आला. बीड जिल्ह्यातून आलेली मुलगी, एरवी फारशी न बोलणारी.

"सर, प्रत्येकाला वेगळी खोली आहे? आतून कडी लावता येईल अशी?"

"आहे."

"मग मी घेईन, सर."

वर्ग हसला. ती हसली नाही. नंतर कळलं की ती कर्वेनगरात एका टू बीएचकेमध्ये दहा जणींबरोबर राहते. शीट पसरायला तिला स्वयंपाकघराचा ओटा रिकामा व्हायची वाट बघावी लागते, आणि तो रिकामा होतो रात्री साडेअकराला.

तोवर हे प्रकरण मी वाईट डिझाइनचा नमुना म्हणून शिकवत होतो. त्यानंतर ते तसं शिकवता येईना. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय.

गाव, गरज आणि दाता

प्लॅन मंगर हॉलचा आहे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा सांता बार्बरा कॅम्पस पॅसिफिकच्या अगदी काठावर, कड्यावर वसलेला. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला विमानतळ आणि खाजण, आणि पश्चिमेला आयला व्हिस्टा नावाची विद्यार्थ्यांची वस्ती. ही वस्ती एक चौरस मैलसुद्धा भरत नाही. तिथलं भाडं परवडावं म्हणून एका खोलीत जितके झोपतील तितके झोपतात. आपल्याकडच्या कॉट बेसिसला तिथे वेगळं नाव असेल, प्रकार तोच.

२०१० च्या विकास आराखड्यात विद्यापीठाने शेजारच्या गोलेटा शहराला आणि सांता बार्बरा काउंटीला शब्द दिला होता: विद्यार्थी २५,००० च्या वर नेणार नाही, आणि वाढीव ५,००० जणांची राहायची सोय आम्हीच करू. विद्यार्थी वाढत गेले. खोल्या त्या वेगाने वाढल्या नाहीत. २०२१ च्या सप्टेंबरात, करोनानंतर कॅम्पस पुन्हा भरला तेव्हा हे पितळ उघडं पडलं. शेकडो मुलांना विद्यापीठाने हॉटेलांत ठेवलं. काहींनी गाडीतच पथारी पसरली. पुढे गोलेटा शहर दिलेल्या शब्दाचा हिशेब मागायला कोर्टात गेलं.

यातून सुटायचा रस्ता विद्यापीठाकडे २०१६ पासूनच होता, निदान कागदावर. त्या वर्षी चार्ली मंगर यांनी हॉस्टेलसाठी २० कोटी डॉलर देऊ केले होते. शेअर बाजाराचा नाद असलेल्या मराठी माणसाला मंगर कोण ते सांगायला नको. वॉरन बफे यांचे जोडीदार, बर्कशायर हॅथवेचे उपाध्यक्ष, हार्वर्डमध्ये शिकलेले वकील. आमच्या सोसायटीतले एक निवृत्त बँकर त्यांची वाक्यं सकाळच्या शुभेच्छांबरोबर ग्रुपवर टाकतात. मंगर यांनी वास्तुकलेचं शिक्षण कधी घेतलं नव्हतं, पण हौस दांडगी होती. स्टॅनफर्डला त्यांच्या देणगीतून पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी निवास उभा राहिला. मग २०१५ मध्ये मिशिगन विद्यापीठात ११ कोटी डॉलरच्या देणगीतून दुसरा. या दुसऱ्यात सुमारे ६३० जण राहतात आणि बहुतेक झोपायच्या खोल्यांना खिडकी नाही. सांता बार्बरालाही त्यांनी याआधी भौतिकशास्त्राच्या पाहुण्या संशोधकांच्या निवासासाठी साडेसहा कोटी डॉलर दिलेले होते. थोडक्यात, माणूस परका नव्हता आणि हात सैल होता.

अट एकच: इमारत माझ्या आराखड्याप्रमाणे व्हायची.

प्लॅन वाचताना

अकरा मजले, त्यातले नऊ राहण्याचे. ४,५३६ खाटा. एकूण बांधकाम १६ लाख ८० हजार चौरस फूट. रचना एखाद्या गुणाकारासारखी: साधारण आठ खोल्यांचं एक टोळकं, त्याला सामाईक ओटा, मोठं टेबल आणि दोन न्हाणीघरं. अशी आठ टोळकी मिळून एक 'घर', त्यात ६३ जण. मजल्यावर अशी आठ घरं. आठ त्रिक चोवीस आणि आठा सक अठ्ठेचाळीस, गुणाकार करा, ५०४ येतात. प्रत्येक खोली एकट्याची, साधारण सात फूट बाय दहा फूट. पलंग, टेबल, कपाट, आणि भिंतीत खिडकीच्या आकाराचा दिवा.

हा दिवा बराच गाजला. डिझ्नीच्या क्रूझ जहाजांवर आतल्या बाजूच्या केबिनींना खोटी गोल खिडकी असते, पडद्यावर बाहेरचा समुद्र दिसतो. मंगर यांना ती कल्पना आवडली होती. इथे पडदा नव्हता, पण दिव्याचा रंग आणि तेज दिवसाच्या प्रहराप्रमाणे बदलता येणार होतं. सूर्य तुमच्या हातात, असा त्यांचा युक्तिवाद. जहाजावर माणूस चार-सहा रात्री असतो आणि डेकवर जायचे पैसे त्याने आधीच भरलेले असतात, हे मात्र त्या युक्तिवादात बसत नाही.

आता खोल्यांना खिडक्या का नाहीत, ते बघू. मंगर कंजूष होते, मुलांची त्यांना पर्वा नव्हती, अशी सोपी उत्तरं वर्गात लगेच येतात. मी फळ्यावर गणित मांडतो. एकूण क्षेत्रफळ अकरा मजल्यांत वाटलं तर मजल्याला साधारण दीड लाख चौरस फूट. मजला चौकोनी धरला तर एक बाजू ३९० फुटांची, चारी बाजू मिळून १,५६० फूट. खोली सात फूट रुंद. म्हणजे बाहेरची अख्खी भिंत, एक इंचही न सोडता, खोल्यांना दिली तरी सव्वादोनशेच्या आसपास खोल्या खिडकीला लागतील. राहणार ५०४. उरलेल्या अर्ध्याहून अधिक जणांना खिडकी मिळणं भूमितीतच नाही. इमारत जाड झाली की खिडक्या संपतात. लठ्ठ इमारत स्वस्त पडते, कारण बाहेरची भिंत हीच महाग वस्तू. सगळी गोम इथे आहे.

मंगर यांचा 'उलटा विचार करा' हा सल्ला प्रसिद्ध आहे, आणि इथे त्यांनी तो स्वतःच पाळला. सगळ्यांना खिडकी देता येत नाही ना? मग जी थोडी बाहेरची भिंत आहे ती एकेकट्याला कशाला वाटायची? ती सामाईक बैठकीला द्या. उजेड हवा असेल तर मूल खोलीबाहेर येईल, चार जणांत बसेल, ओळखी होतील. म्हणून एका मजल्यावरच्या खिडकीवाल्या खोल्या सव्वादोनशेच्या जवळपाससुद्धा गेल्या नाहीत. ९४ टक्के खोल्या बिनखिडकीच्या राहिल्या. अख्ख्या इमारतीत खिडकीची खोली मिळवणारे भाग्यवान जेमतेम पावणेतीनशे.

मला हा विचार मूर्खपणाचा वाटत नाही. हॉस्टेलमध्ये राहिलेल्या कुणालाही हे माहीत असतं की मैत्री गॅलरीत, पाण्याच्या टाकीपाशी, मेसच्या रांगेत होते. पण खोलीबाहेर यावंसं वाटणं आणि खोलीत थांबवेना म्हणून बाहेर पडणं यात फरक आहे, आणि तापाने फणफणलेलं मूल खोलीबाहेर येत नसतं.

वाड्यात राहिलेल्या पिढीला या प्लॅनवर एक साधा प्रश्न सुचेल: चौक कुठाय? जाड इमारतीचं दुखणं नवं नाही. पेठांमधले वाडे खोलवर आत गेलेले, दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची भिंत, खिडकी काढायला जागाच नाही. त्यावर तोडगा म्हणजे इमारतीला मधोमध भोक पाडायचं. चौकातून आकाश आत येतं, पाऊस आत येतो, सोप्यावर बसून कोथिंबीर निवडता येते. मोठ्या वाड्याला दोन-तीन चौक असत. त्यात जागा जाते, हे खरंच. मंगर हॉलच्या प्लॅनमध्ये खोल्यांपर्यंत उजेड पोचवणारा असा चौक नाही, कारण चौकात खाटा बसत नाहीत.

राजीनामा

डेनिस मॅकफॅडन हे वास्तुविशारद सुमारे १५ वर्षं विद्यापीठाच्या डिझाइन तपासणाऱ्या समितीवर होते. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी मंगर हॉल समितीपुढे आला आणि त्याच महिन्यात त्यांनी राजीनामा दिला. पत्र सांता बार्बरा इंडिपेंडंट या स्थानिक वृत्तपत्रात छापून आलं आणि आठवड्याभरात जगभर गेलं. वास्तुविशारद म्हणून, पालक म्हणून आणि माणूस म्हणून आपल्याला या इमारतीला पाठिंबा देता येत नाही, असं त्यात होतं. हा एक सामाजिक आणि मानसिक प्रयोग आहे आणि त्याचा मुलांवर काय परिणाम होईल ते कुणालाच ठाऊक नाही, असंही. अमेरिकी नौदल अकादमीतल्या बॅनक्रॉफ्ट हॉलशी त्यांनी तुलना केली: तिथे सुमारे ४,००० जण राहतात, पण इमारत अनेक पंखांमध्ये विभागलेली आहे आणि तिला २५ दारं आहेत. मंगर हॉलला मुख्य दारं दोन. आणीबाणीचे मार्ग वेगळे आहेत, अग्निशमनाचे नियम पाळलेत, असं विद्यापीठाने सांगितलं. पण मॅकफॅडन यांचा मुद्दा आगीपुरता नव्हता. साडेचार हजार माणसं रोज सकाळी तासाला निघणार, ती त्या दोन दारांतूनच.

याच पत्रात, ही इमारत म्हणजे जगातली आठव्या क्रमांकाची दाट वस्ती ठरेल, ढाक्याच्या थोडीच खाली, असंही होतं. मुंबईकर हे वाचून कसनुसा हसतो. आपल्याकडे दाटी म्हणजे बातमी नव्हे. बिनखिडकीची दाटी मात्र धारावीतही कुणी आपणहून आखत नाही. तिथे माणूस पत्र्याला भोक पाडून काच बसवतो.

छापून आलेल्या बातम्यांत खिडक्यांचं इतकं झालं की पत्रातलं मला सर्वात जड वाटणारं वाक्य मागे पडलं. समितीला सांगण्यात आलं होतं की डिझाइन शंभर टक्के पूर्ण आहे. मंजुरी मागितली गेली नाही. मतदान झालं नाही. यापुढे समितीपुढे काही येणारही नव्हतं.

प्रकल्पाचा अंदाजे खर्च तेव्हा दीड अब्ज डॉलरपर्यंत, म्हणजे १५० कोटी डॉलरपर्यंत सांगितला जात होता. त्यात मंगर यांचे २० कोटी. म्हणजे रुपयातले तेरा पैसे. बाकीचे सत्त्याऐंशी पैसे विद्यापीठ उभे करणार, कर्ज काढणार, आणि ते फिटणार मुलांच्या भाड्यातून. तेरा पैसेवाल्याने प्लॅन ठरवला. सत्त्याऐंशी पैसेवाल्यांना प्लॅन दाखवण्यात आला.

देणगी म्हटली की दात्याचा शब्द येणारच, असं कुणी म्हणेल. कोल्हापुरात १९०१ पासून शाहू महाराजांनी एकेका समाजाच्या वसतिगृहाला जागा दिली, उत्पन्न लावून दिलं, आणि कारभार त्या त्या समाजाच्या मंडळींवर सोपवला. छत्रपतींनाही खोलीचं माप ठरवून द्यायची गरज वाटली नव्हती. असो, काळ वेगळा, रक्कम वेगळी.

नियम काय म्हणतात, अंग काय म्हणतं

मुलं हमखास विचारतात, "सर, पण परवानगी कशी मिळते?" अमेरिकेत बहुतेक ठिकाणी झोपायच्या खोलीला कृत्रिम उजेड आणि यंत्राने खेळवलेली हवा चालते. आग विझवणारे पाण्याचे फवारे आणि बाहेर पडायचे पुरेसे मार्ग असले की खिडकीतून सुटकेची अटही गळते. न्यूयॉर्क शहरासारखे अपवाद आहेत. तिथे खिडकीशिवाय खोलीला झोपायची खोली म्हणता येत नाही. शिवाय युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया ही राज्याची संस्था, आपल्या जागेवरच्या बांधकामाला तिला गावच्या नगरपालिकेपुढे हात पसरावा लागत नाही. बाहेरचा एकच मोठा पहारेकरी होता: किनारपट्टीवरच्या बांधकामावर लक्ष ठेवणारा कॅलिफोर्नियाचा कोस्टल कमिशन. त्याची मंजुरी टाळता येणार नव्हती.

आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत खोलीच्या क्षेत्रफळाच्या काही हिश्शाइतकी उघडणारी खिडकी लागते, कोरड्या उष्ण हवेत एक दशांश, दमट उष्ण हवेत एक षष्ठांश. हॉस्टेलमधली एकट्याची खोलीही किमान साडेसात चौरस मीटरची हवी. मंगर हॉलची खोली साडेसहा चौरस मीटरची. तेव्हा आपल्या कागदांवर ही इमारत उभीच राहिली नसती. कागद म्हणतोय मी. कागदाबाहेर काय उभं राहतं ते पुढे येईलच.

अंगाचं म्हणाल तर ते नियमपुस्तक वाचत नाही. माणसाच्या आतलं घड्याळ सरासरी चोवीस तासांहून किंचित लांब चालतं आणि रोज सकाळचा उजेड त्याला ओढून जागेवर आणतो. या घड्याळाचं यंत्र उलगडणाऱ्या तिघांना २०१७ मध्ये नोबेल मिळालं. उजेड लक्समध्ये मोजतात. ढगाळ दिवशीसुद्धा उघड्यावर १०,००० लक्सच्या आसपास उजेड असतो, चांगल्या दिव्याखाली टेबलावर ३०० ते ५००. डोळ्याला हा फरक फारसा जाणवत नाही, कारण तो जुळवून घेतो. घड्याळ जुळवून घेत नाही. नकली खिडकीचा दिवा रंग बदलू शकतो, पण उजेडाचा हा डोंगर खोलीत उभा करणं त्याच्या आवाक्यात नसतं.

आणि वीज? डिसेंबर २०१७ मध्ये थॉमस वणवा पेटला तेव्हा सांता बार्बरात वीज जात-येत होती, हवेत राख होती, आणि विद्यापीठाने सत्राच्या परीक्षाच जानेवारीवर ढकलल्या. ज्या इमारतीची हवा पंख्यांवर चालते आणि जिथे उघडायला खिडकी नाही, तिथे अशा रात्री काय करायचं? हा प्रश्न दूरचा नव्हता. चारच वर्षांपूर्वी घडून गेलेला होता.

माझी सदाशिव पेठ

इथे माझी गोष्ट सांगणं भाग आहे, नाहीतर मी तटस्थ असल्याचा आव आणल्यासारखं होईल.

२००१ साली मी पुण्यात आलो. कॉलेजच्या हॉस्टेलला यादीत नाव लागलं नाही. दोन महिने एका मित्राच्या खोलीत पॅरासाइट म्हणून काढले. रेक्टर फेरीला आले की मी संडासात. मग सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा मिळाली. जुना वाडा. मालक काकांनी चावी देताना विचारलं, "खिडकीची हवी का साधी? साधी सहाशे. खिडकीची साडेसातशे."

मी साधी घेतली. दीडशे रुपयांत तेव्हा महिन्याचा सकाळचा चहा-पोहे निघत.

'साधी' म्हणजे काय ते त्या वेळी कळलं नाही. वास्तुकलेच्या दुसऱ्या वर्षाला वाड्याचं मोजमाप काढायचा अभ्यास आला, तेव्हा राहतो तोच वाडा मी काढायला घेतला आणि टेप धरून फिरताना लक्षात आलं: आमची खोली म्हणजे मागचा चौक. काकांच्या वडिलांनी कधीतरी त्यावर स्लॅब टाकला, स्लॅबवर आणखी एक खोली चढवली, आणि ज्या चार खोल्या त्या चौकाकडून उजेड घेत होत्या त्याही आंधळ्या झाल्या. आमच्या फरशीखाली मधोमध पाणी जायची दगडी मोरी अजून होती. झाडू मारताना तिच्या झाकणात केर अडकायचा.

चार कॉट, एक ट्यूब, आणि जिन्यात हवा फेकणारा एक एक्झॉस्ट पंखा, तोही चालू केला की शेजारच्या रेडिओवर खरखर यायची म्हणून बंदच. ऑगस्टमध्ये चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी बुरशी धरायची. टॉवेल वाळायचा नाही, वास धरायचा. दुपारी झोपून उठलं की घड्याळात सहा वाजलेले आणि हे सहा कुठले ते कळायला मार्ग नाही. एकदा मी आंघोळ करून बॅग भरून सकाळच्या तासाला निघालो, तर बोळात पोरं क्रिकेट खेळत होती आणि दिवेलागण होत आली होती. आमच्यातल्या एकानं समोरच्या भिंतीवर महाबळेश्वरच्या फोटोचं कॅलेंडर लावलं होतं, बरोबर खिडकीच्या उंचीवर. वर्ष उलटलं तरी ते कुणी काढलं नाही. डिझ्नीच्या गोल खिडकीबद्दल वाचलं तेव्हा मला तेच आठवलं.

तरी कुणी विचारलं असतं, "कसं चाललंय?" तर मी "मस्त" म्हणालो असतो, आणि ते खोटं नव्हतं. डोक्यावर छप्पर होतं, भाडं परवडत होतं, संडासात लपावं लागत नव्हतं.

म्हणूनच मंगर हॉलच्या बाजूने दिल्या गेलेल्या एका पुराव्याबद्दल मला शंका आहे. मिशिगनचा दाखला सारखा दिला जायचा: तिथली मुलं राहतातच की, अनेकांना आवडतं. खरंही आहे. काहींनी सकाळी जाग येत नाही, दिवस-रात्रीचं भान सुटतं, अशा तक्रारी केल्या. काहींनी स्वतंत्र खोली, ऐसपैस स्वयंपाकघर, कॅम्पसच्या मधोमध जागा म्हणून ठामपणे बाजूही घेतली. पण मिशिगनला राहणारे पदव्युत्तर, वयाने मोठे, ६३०. सांता बार्बराला राहणार होते अठरा-एकोणीस वर्षांचे, ४,५३६. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी, की आयला व्हिस्टात कोचावर झोपणाऱ्या मुलाला किंवा कर्वेनगरातल्या अकराव्या मुलीला विचारलं तर ती बिनखिडकीची खोली घेणारच. तिच्या 'घेईन'मधून इमारत चांगली असल्याचं सिद्ध होत नाही. बाहेर जागा किती कमी आहे, तेवढंच कळतं. काकांना हे माहीत होतं. म्हणून तर त्यांनी उजेडाला दर लावला होता.

पुढे काय झालं

विद्यार्थ्यांनी मोर्चे काढले, वास्तुविशारदांनी पत्रं लिहिली, वृत्तपत्रांनी इमारतीचं 'डॉर्मझिला' असं बारसं केलं. मंगर ढळले नाहीत. तेव्हा ते ९७ वर्षांचे होते आणि टीकाकारांना काही समजत नाही असं त्यांचं स्पष्ट मत होतं. कुलपती हेन्री यांगही प्रकल्पाच्या बाजूने उभे राहिले. ४,५३६ खाटांचा आराखडा पुढे ३,५०० वर आला. गंमत म्हणजे खाटा कमी झाल्या, खोल्यांच्या खिडक्या मात्र तिथेच राहिल्या, म्हणजे नव्हत्याच. २०२२ च्या अखेरीस प्राध्यापकांच्या सिनेटने नेमलेल्या गटाचा अहवाल आला. हवा, उजेड, सुरक्षा, मानसिक आरोग्य असं एकेक तपासून त्यांनी सांगितलं की मोठे बदल केल्याशिवाय हे पुढे नेऊ नये. वृत्तपत्रांतल्या आरडाओरड्यापेक्षा हा अहवाल मला महत्त्वाचा वाटतो, कारण मॅकफॅडन यांच्या समितीला जे करू दिलं गेलं नव्हतं तेच काम इथे कुणीतरी शेवटी केलं.

२०२३ च्या उन्हाळ्यात विद्यापीठाने हॉस्टेलसाठी नव्याने वास्तुविशारद शोधायला घेतले. मंगर हॉल रद्द झाला, असं मोठ्या आवाजात कुणी सांगितलं नाही. नव्या कागदांत फक्त ते नाव नव्हतं. खाटा ३,५००, दोन जागांवर विभागून, आणि खोल्यांना खिडक्या. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला, शंभरीला महिनाभर कमी असताना, मंगर गेले, सांता बार्बरातच.

मधली सात वर्षं मात्र गेली ती गेली. २०१६ ला देणगी जाहीर झाली तेव्हा पहिल्या वर्षाला असलेली मुलं आयला व्हिस्टातली कोचं झिजवून, पदवी घेऊन, नोकरीला लागूनही काळ लोटला. एका प्रचंड आराखड्याची वाट बघत बसल्याने छोट्या, साध्या, खिडक्या असलेल्या इमारती बांधायच्या राहून गेल्या, ही त्या प्रकरणातली खरी किंमत, असं माझं मत. यावर माझ्या एका सहकाऱ्याशी माझा कायम वाद होतो. त्याचं म्हणणं, मंगर नसते तरी विद्यापीठाने काही बांधलं नसतं. असेलही.

प्लॅन ओळखून झाल्यावर वर्गाला दुसरं काम असतं: हाच मजला, याच हद्दीत, सगळ्यांना खिडकी मिळेल असा पुन्हा काढा. बहुतेक जण चौक पाडतात, इमारतीचे हातपाय पसरतात, बाहेर झाडं काढतात आणि खाटा मोजायच्या विसरतात. बीडच्या मुलीने मोजल्या होत्या. तिने चार चौक पाडले, दोन लांबोडके आणि दोन चौकोनी, प्रत्येक खोलीला आकाश दिलं, दाराच्या कड्यासुद्धा काढल्या. कोपऱ्यात तक्ता: आधी ५०४, आता ३८८. त्याखाली पेन्सिलने, शीट देण्याच्या घाईत खोडायचं राहिलेलं एक वाक्य होतं: "११६ जणी कुठे जातील?"

मी तिला सांगितलं, आणखी तीन मजले चढव. ती म्हणाली, "सर, मग वरच्या मजल्यांची सावली खालच्या चौकात पडते. मी काढून बघितलं." शीट उलटं केलं तर मागे तीन वेगवेगळ्या वेळच्या सावल्या काढलेल्या होत्या, डिसेंबरच्या, सकाळी नऊच्या, बाराच्या आणि तीनच्या.